पुठ्ठ्याचा फोटो

ताईच्या डाव्या मनगटावरचा शेवटचा ठिपका नेमका कोणत्या दिवशी गेला, हे कुणालाच सांगता आलं नसतं. मसुराच्या दाण्याएवढा होता तो. रोज सकाळी ती चष्मा चढवून, खिडकीच्या उजेडात हात धरून त्याची हजेरी घ्यायची. एका मंगळवारी तिने चष्मा काढला, बाहीने पुसला, पुन्हा चढवला, पुन्हा बघितलं. मग स्टुडिओचे धुतलेले पडदे घड्या घालायला घेतले आणि दुसऱ्या की तिसऱ्या घडीला म्हणाली, "गेला रे तो."

समोर तिचा भाऊ कॅमेऱ्याची काच पुसत बसला होता. त्याला वाटलं, कुणीतरी ओळखीचं वारलं.

"कोण?"

"मनगटावरचा."

सतरा वर्षांपूर्वी ताईच्या ओठाच्या कोपऱ्यात कोडाचा पहिला पांढरा डाग आला. तिथून तो हनुवटीवर उतरला, गळ्यावरून खांद्यावर गेला, बोटांच्या टोकांवरून उलटा वर चढला. आधी पांढरे डाग होते, मग पांढऱ्यात सावळे डाग उरले, आणि आता काहीच उरलं नव्हतं. दुखलं कधीच नाही. नुसतं भरतीचं पाणी चढावं तसं एक अंग दुसऱ्या अंगाने झाकून टाकलं. ताईने त्याचं कधी रडगाणं केलं नाही. लोकांनी टक लावून बघितलं, तर तीही त्यांच्याकडे टक लावून बघायची. बहुतेक वेळा लोकच आधी मान खाली घालायचे.

"माझा रंग कसा होता रे बारक्या?" ती म्हणाली. "तुला आठवतो?"

बारक्या म्हणजे अठ्ठावन्न वर्षांचा, दारातून आत येताना खांदे तिरके करावे लागणारा गृहस्थ. आई गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता आणि ताई सोळाची. हे नाव तिनेच ठेवलेलं. पुढे रस्त्यावरच्या सगळ्यांनी उचललं, आणि तो फुगत गेला तसतसं ते नाव त्याला जास्तच घट्ट चिकटलं. त्याचा सगळा जन्म रंगात गेला होता. फोटोत नवरीमुलीच्या चेहऱ्यात लाल थोडा जास्त झाला, म्हाताऱ्याच्या कपाळावर हिरवी झाक आली, हे त्याला रस्त्यापलीकडून कळायचं.

"सावळा होता," तो म्हणाला.

"सावळे शेकड्याने असतात. माझा कसा होता?"

पंचावन्न वर्षं जी बाई रोज डोळ्यांसमोर होती, तिचा रंग त्याला सांगता येईना. ताईने पडद्याची घडी त्याच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली की जाऊ दे, सहज विचारलं. पण तिने आयुष्यात सहज असं काहीच विचारलेलं नव्हतं. हे त्याला ठाऊक होतं आणि त्याला ठाऊक आहे हे तिलाही.

घरात तिचे फोटो दोनच होते. एक ओळखपत्राचा, काळा-पांढरा. दुसरा कुणाच्या तरी लग्नातल्या घोळक्यातला, रंगीत. पण तो इतकी वर्षं उन्हाच्या भिंतीवर टांगून असा लालभडक झाला होता की त्यातली सगळी माणसं भट्टीच्या तोंडाशी उभी वाटायची. फोटोवाल्याच्या घरात दिव्याखाली अंधार असायचाच. बारक्या कधी म्हणालाच, ताई, बस, तुझा काढतो, तर तिचं ठरलेलं उत्तर होतं: गिऱ्हाईक खोळंबलंय, नंतर काढू. डाग आल्यावर तर तिने तेवढंही म्हणायचं सोडलं. नुसता हात हलवायची.

आणि तरीही बारक्याने तिला हजारो वेळा कॅमेऱ्यासमोर उभं केलं होतं. ते त्याला त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी दुपारी आठवलं, भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेला करडा पुठ्ठा दिसला तेव्हा.

त्याची गोष्ट अशी. एकोणीस वर्षांपूर्वी त्याने पहिला डिजिटल कॅमेरा घेतला, कुणाचातरी वापरलेला. त्यावर पहिलं काम मिळालं ते शाळेचं. स्टुडिओत एका बाजूला नळीचा दिवा, दुसऱ्या बाजूला रस्त्याकडची खिडकी. दोन उजेडांचं भांडण लागलं आणि बेचाळीसच्या बेचाळीस मुलं निळी आली. मुख्याध्यापिकाबाईंनी फोटो हातात घेतले आणि शांतपणे विचारलं, मुलं बुडाली होती का? बारक्याने कानाला खडा लावला. शहाण्या माणसांना विचारून त्याने दोन गोष्टी केल्या. एक, कॅमेऱ्याला सांगितलं की तयार फोटो देऊ नकोस, कच्ची फाइल दे. कच्ची फाइल म्हणजे फोटो नव्हे. कुठे किती उजेड पडला याची ती नुसती नोंद. त्याचा रंग काय ठरवायचा ते नंतर कॉम्प्युटरवर ठरतं. आणि दुसरी, प्रत्येक कामाची पहिली फ्रेम करड्या पुठ्ठ्याची घ्यायची. पुठ्ठा ना पिवळा ना निळा, नुसता करडा. नंतर कॉम्प्युटरला तो दाखवायचा आणि म्हणायचं, हा करडा आहे हे धरून चाल. मग बाकीचे रंग आपोआप आपापल्या जागी बसतात.

पण पुठ्ठा धरणार कोण? गिऱ्हाइकाला हनुवटीखाली धरायला सांगितला, तर एक सुतार उठूनच गेला. म्हणाला, पाटी धरून उभं राहायला मी काय चोर आहे? तेव्हापासून गिऱ्हाईक बसायच्या आधी ताई त्या स्टुलावर बसायची, पुठ्ठा हनुवटीखाली धरायची, खटका वाजला की उठायची आणि म्हणायची, या, बसा. दिवसातून पाच वेळा, दहा वेळा. बारक्या एकदा चेष्टेने म्हणाला होता की ताई, सगळ्यात जास्त फोटो तुझेच निघतात. त्यावर तिने पुठ्ठा खिळ्याला अडकवत सांगितलं होतं, "तो पुठ्ठ्याचा फोटो आहे. माझा नाही."

डाग यायच्या आधी दीडेक वर्ष तिने असा पुठ्ठा धरला होता. म्हणजे तिचा रंग कुठेतरी लिहिलेला होता. बारक्या खुर्ची मागे पाडून उठला.

कपाटातून त्याने सगळ्यात जुनी डिस्क काढली, जोडली आणि पहिलंच फोल्डर उघडलं. चित्रं दिसत नव्हती, नुसती नावं आणि आकडे. कच्च्या फायली वाचणारा तो जुना प्रोग्राम जुन्या कॉम्प्युटरबरोबरच गेला होता. पण बारक्याला चित्रांची गरज पडली नाही. आकड्यांनीच त्याला गाठलं. एक काम चारशे तेराला सुरू होत होतं, पुढचं चारशे एकोणतीसला. मधला चारशे अठ्ठावीस नव्हता. त्याच्या पुढच्या कामातही पहिला आकडा नव्हता. त्याच्या पुढच्याही.

मग त्याला स्वतःचं बोट आठवलं. काम पुरं झालं, रंग जुळले, की तो पुठ्ठ्याची फ्रेम पुसून टाकायचा. डिस्क भरू नये म्हणून. गिऱ्हाइकाला चुकून जाऊ नये म्हणून. चांगली, नीटनेटकी सवय. एकोणीस वर्षं, दिवसातून पाचदा, दहादा, त्याने आपल्या बहिणीला आपल्याच बोटाने पुसलं होतं, आणि प्रत्येक वेळी काम संपल्याचं समाधान मानलं होतं. चूक करणाऱ्याला चूक करताना काहीतरी टोचावं अशी अपेक्षा असते. त्याला काहीच टोचलं नव्हतं.

तो जेवायला वर गेला नाही. शेवटी ताईच जिना उतरून खाली आली. ताट झाकून किती वेळ ठेवायचं, म्हणाली. तो तोंडात मारल्यासारखा बसलेला बघून ती स्टुलावर बसली, त्याच स्टुलावर. त्याने तिला सगळं सांगितलं, आकड्यांपर्यंत.

"झालं तुझं?" ती म्हणाली. "मग माझ्या डिस्कमध्ये बघ की."

तिची डिस्क. पहिल्या वर्षीच त्याने नियम केला होता की प्रत्येक कामाच्या दोन प्रती, एक स्टुडिओत, एक वर घरात. आग लागली, पाणी शिरलं, तर एक तरी वाचावी. दुसरी प्रत करायचं काम ताईचं. तिला कॉम्प्युटरमधलं तेवढंच एक येत होतं आणि ते ती डोळ्यांत तेल घालून करायची. त्याने ती डिस्क कधी उघडली नव्हती. दोन्ही सारख्याच, असं तो धरून चालला होता.

"मी तू हात लावायच्या आधी उतरवून घेते," ताई म्हणाली. "तूच सांगितलं होतंस. आधी तू घे, मग मी बिघडवतो, असं म्हणाला होतास. काखेत कळसा अन् गावाला वळसा. चल, आधी जेव."

वरच्या खोलीत पलंगाखाली तिची पत्र्याची पेटी होती. पेटीत तळाशी एक जाड लोकरीचा स्वेटर, वांग्याच्या सालीच्या रंगाचा, तिने स्वतः विणलेला. डाग गळ्यावर आले तेव्हा जांभळ्यावर ते फार उठून दिसायचे, म्हणून तिने तो घालायचा सोडला होता आणि पहिली डिस्क त्यात गुंडाळून ठेवली होती. बारक्याने ताट एका हातात धरून दुसऱ्या हाताने डिस्क जोडली. चारशे बारा होती. चारशे अठ्ठावीस होती. सगळ्या होत्या. त्याने घास खाली ठेवला आणि बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत बसला, देवळात गेल्यासारखा.

आता फक्त त्या उघडायच्या होत्या. आणि तिथे घोडं अडलं.

रस्त्याच्या टोकाला कॉम्प्युटर दुरुस्त करणारी एक बाई होती. आजारी यंत्रांची नाडी बघितल्यासारखी ती आधी त्यांच्यावर हात ठेवून ऐकायची, म्हणून तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. ती आली, डिस्कवर हात ठेवला, फायलींची नावं बघितली आणि विचारलं, "काका, हा कॅमेरा बनवणारी कंपनी आहे का अजून?"

"बाकी सामान बनवते. कॅमेरे सोडले."

"मग तिचा प्रोग्राम विसरा."

तरी तिने प्रयत्न केला. कंपनीचा जुना प्रोग्राम कुठूनतरी शोधून आणला, पण नव्या कॉम्प्युटरने त्याला उंबरठ्यावरूनच परत पाठवलं. मग तिने दुसरा एक लावला. त्यात फाइल चुटकीसरशी उघडली आणि बारक्याचा जीव भांड्यात पडला. पण मोठं करून बघावं तर सगळे चौकोन चौकोन. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की प्रत्येक कच्च्या फाइलच्या पोटात कॅमेरा एक टिकलीएवढं तयार चित्र ठेवतो, ओळख पटावी म्हणून. हा प्रोग्राम तेवढंच काढून दाखवतोय. आत शिरतच नाही. त्या टिकलीत ताई होती, पण शाळेच्या मुलांसारखी निळी.

तिसरा दर महिन्याला भाडं घेणारा होता. एक महिना नुसता वापरून बघायला मिळत होता. तो आत शिरला. पडदाभर ताई आली, एकोणीस वर्षांपूर्वीची, अंगात तोच स्वेटर, हनुवटीखाली पुठ्ठा, डोळ्यांत गिऱ्हाईक खोळंबल्याची घाई. बारक्याला एवढा आनंद झाला की त्याने जिन्यातूनच हाक मारली. ताई आली, चष्मा चढवला, पडद्यासमोर उभी राहिली.

"छान आहे," ती म्हणाली. "पण ही तर आत्ताचीच मी आहे."

खरंच होतं. चेहरा गोरापान होता, एकसारखा, पावडर थापल्यासारखा. डॉक्टरीणबाईंनी शोध घेतला तेव्हा कळलं की तो प्रोग्राम चेहरा ओळखतो आणि न विचारता उजळतो. लोकांना आवडतं म्हणून. ते बंद करायचं बटण होतं, तेही त्यांनी बंद केलं, तरी कातडीत कसलीशी गुलाबी मेहेरबानी उरलीच. बारक्याने पुठ्ठ्यावर टिचकी मारली, पुठ्ठा करडा झाला, पण ताई परकीच राहिली. त्या दिवशी त्याला पहिल्यांदा नीट कळलं की कच्च्या फाइलमध्ये रंग नसतोच. नोंद असते, आणि ती वाचणारा आपली आवडनिवड मिसळून वाचतो. आठवणीचंही तसंच असणार. फरक इतकाच की आठवणीसोबत कुणी पुठ्ठा धरून उभं नसतं.

"एक आहे अजून," डॉक्टरीणबाई जरा संकोचून म्हणाल्या. "फुकट आहे. दिसायला भयंकर आहे. जगभरातली हौशी माणसं मिळून करतात."

भयंकर हा शब्द कमी पडला. विमानाच्या नाकात बसल्यासारखं वाटावं इतक्या खुंट्या, आलेख आणि पट्ट्या. पण त्याच्यासोबत एक यादी होती, कोणकोणत्या कॅमेऱ्यांची भाषा त्याला येते याची. शेकडो नावं. आणि त्यांत, सगळ्यांनी टाकून दिलेला, ज्याच्यावर त्याच्या कंपनीनेही पाणी सोडलं होतं, तो बारक्याचा कॅमेरा होता. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की असा जुना कॅमेरा शिकवायचा तर कुणीतरी त्याने काढलेल्या नमुन्याच्या फायली पाठवाव्या लागतात. या कॅमेऱ्याच्या कुणीतरी पाठवल्या होत्या. नमुनाही बघायला मिळत होता: एक अंगण, एक पालथी बादली, उन्हात वाळत घातलेला टॉवेल. कुठलं अंगण, कुणाची बादली, काही पत्ता नाही. त्या माणसाने एका दुपारी आपल्या बादलीचा फोटो काढला, आणि कुणा दुसऱ्याने रात्री जागून ती नोंद उलगडली. दोघांनाही बारक्या माहीत नव्हता, ताई तर नाहीच. बारक्या त्या बादलीकडे इतका वेळ बघत राहिला की डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ओळखीची आहे का?

चारशे बारा उघडली. पहिल्यांदा मळकट, हिरवट, पाण्याखालची. उजळणं नाही, गुलाबी नाही, काही नाही; प्रोग्रामने हात बांधून उभं राहावं तसं सगळं त्याच्यावर सोडलं होतं. बारक्याने खुणेचा बाण पुठ्ठ्यावर नेला. ताईने धरलेल्या पुठ्ठ्याच्या उजव्या कोपऱ्याला तिच्या अंगठ्याची सावली होती. ती टाळून त्याने मधोमध टिचकी मारली.

हिरवट पडदा उतरला. ताई वर आली.

तरी त्याचा विश्वास बसेना. एकदा गोरी ताई खरी मानून बसला होता तो. साक्षीदार पाहिजे होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, त्या वेळचं काही उरलंय का, फोटोत असलेलं आणि अजून घरात असलेलं? स्टूल दोनदा रंगवलं होतं. भिंत तीनदा. मग बारक्या वर धावला आणि पेटीतला स्वेटर घेऊन आला. इतकी वर्षं अंधारात, डिस्कभोवती गुंडाळलेला. आतल्या घडीचा रंग कालचाच होता. त्याने तो दुपारच्या खिडकीच्या उजेडात, पडद्याशेजारी धरला. जांभळा सहजासहजी कुणाला जमत नाही. भाड्याच्या प्रोग्रामने तो शाईसारखा निळा केला होता. इथे तो वांग्याची साल होता. हातातला आणि पडद्यावरचा, सख्खी भावंडं.

"हाच घ्या, काका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दिसायला वाईट आहे, पण खोटं बोलत नाही."

"आमच्या ताईसारखा," बारक्या म्हणाला.

त्याने प्रिंट काढली, हातभर उंच. वाळू दिली. संध्याकाळी ताई खाली आली तेव्हा तिच्या हातात दिली आणि स्वतः खिळ्यावरचा पुठ्ठा उगाच सरळ करत राहिला.

ताईने प्रिंट खिडकीशी नेली. पाठमोरी उभी राहिली. रस्त्यावरून कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. तिने एक बोट, आताचं पांढरं बोट, फोटोतल्या गालाजवळ धरलं, पण टेकवलं नाही.

"हा आईचा रंग आहे," ती म्हणाली.

बारक्या पुठ्ठा सोडून वळला. आईचा फोटो एकही नव्हता. आईबद्दल त्याच्याकडे एक खरखरीत पांघरूण आणि एक खोकला, एवढंच होतं.

"अगदी हाच?"

"अगदी हाच. कानाजवळ जरा गडद. तुझा नाही असा. तू बाबांवर गेलास, काळाकुट्ट." मग पुन्हा फोटोकडे बघून म्हणाली, "मला वाटलं होतं, माझ्या रंगाबरोबर तोही गेला. मी शेवटची होते ना तो रंग बघितलेली."

तिचे डोळे कोरडेच होते. त्याचे नव्हते. पंचावन्न वर्षांनी त्याला आई दिसत होती, बहिणीच्या गालावर, आणि ती त्याला एका पुठ्ठ्याने, एका स्वेटरने, एका ऐकून ठेवलेल्या सूचनेने आणि कुणा अनोळखी माणसाच्या बादलीने आणून दिली होती. इतक्या जणांचे आभार मानायचे तर सुरुवात कुठून करणार? त्याने सुरुवात कपाटातून केली. कपाटात आणखी एक मेलेल्या कंपनीचा कॅमेरा धूळ खात पडला होता. यादीत त्याचं नाव नव्हतं. पुढच्या रविवारी त्याने तो चालू केला, स्टुलावर पुठ्ठा ठेवून पाच-सहा नमुने काढले आणि डॉक्टरीणबाईंकडून त्या हौशी मंडळींना पाठवून दिले. कुणाची तरी ताई कुठल्यातरी डिस्कमध्ये असेलच.

त्याच रविवारी, तो कॅमेरा आवरत असताना, ताई स्वेटर घालून खाली आली. पांढऱ्या गळ्यावर तो वांगी रंग असा उठून दिसत होता की बारक्याच्या हातातली काच तशीच राहिली.

"माझा काढ," ती म्हणाली. "आहे तशी."

ती स्टुलावर बसली. सवयीने त्याने खिळ्यावरचा पुठ्ठा तिला दिला, सवयीने तिने हनुवटीखाली धरला. खटका वाजला. आणि सवयीनेच ती उठायला लागली, तोंडातून 'या, बसा' निघणारच होतं.

"उठू नकोस," बारक्या म्हणाला.

त्याने पुढे होऊन तिच्या हातातला पुठ्ठा काढून घेतला. तिचे हात रिकामे झाले आणि त्यांना कुठे जावं कळेना. आधी ते मांडीवर गेले, मग स्वेटरच्या काठाशी, मग एकमेकांत. बारक्या थांबला. इतक्या वर्षांत तो कुठल्याच गिऱ्हाइकासाठी एवढा थांबला नव्हता. हात स्थिरावले, तिने मान वर केली, आणि गिऱ्हाईक खोळंबल्याची ती घाई डोळ्यांतून गेली. तेव्हा त्याने दुसरी फ्रेम घेतली.

संध्याकाळी ताईने त्या दोन्ही आपल्या डिस्कमध्ये उतरवून घेतल्या, त्याने हात लावायच्या आधी.